मास्तर व्हायचंय? आधी महिनाभर ओट्यावर बसा

बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवस आमच्या ओट्यासमोर चपला वाढतात. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. गावातली, आजूबाजूची पोरं-पोरी येतात, सोबत कधी वडील, कधी मामा. प्रश्न ठरलेला, "सर, डी.एड. करायचं का बी.एड.?" मी चहा सांगतो आणि उलट विचारतो, "गेल्या महिन्यात कोणाला काही शिकवलं का?" पोरगं मामाकडे बघतं, मामा कपाकडे.

मामाचं म्हणणं मला पाठ आहे. सरकारी नोकरी, उन्हाळ्याची सुट्टी, मुलीसाठी तर याहून चांगलं काही नाही, आणि सोयरीक जुळवताना 'मुलगा मास्तर आहे' याला अजून वजन आहे. यात खोटं काही नाही. मीही जवळपास याच कारणांनी आलो. पण या कारणांवर माणूस नोकरीला लागतो, एवढंच. चौथ्या-पाचव्या वर्षी सकाळी शाळेचं कुलूप उघडताना त्यातलं एकही कारण आठवत नाही. दुसऱ्या टोकाची मंडळीही भेटतात. पुण्यात कंपनीत चार वर्षं काढून गावी आलेली, म्हणतात, "सर, पैसे मिळाले, पण आपण करतोय काय तेच कळत नाही. शिकवावंसं वाटतं." त्यांनाही मी चहाच सांगतो आणि तोच प्रश्न विचारतो.

मला या नोकरीत वीस वर्षं होत आली. पहिली नऊ सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेली, मग बदलीने खाली मैदानात आलो. दरवर्षी ओट्यावर जे तुटक तुटक सांगतो ते इथे एकदा क्रमाने लिहून ठेवतोय.

पहिलं काम: पाच मुलं, एक तास, तीस दिवस

फॉर्म, फी, कॉलेज सगळं नंतर. गल्लीतली पाच मुलं गोळा करा. दुसरी ते पाचवीतली असली तर उत्तम. हुशार निवडू नका, जी येतील ती घ्या. संध्याकाळी सहा ते सात ओट्यावर बसा. फी घ्यायची नाही. घेतली की तो क्लास होतो आणि आईबाप गुण विचारायला लागतात.

एक वजाबाकी द्या. ५२ वजा २७. पाचातली दोन मुलं तरी ३५ उत्तर आणतील. इथे थांबा, कारण तुमची परीक्षा इथे आहे. ३५ बघून तुमच्या मनात काय आलं? "अरे, एवढंही येत नाही?" असं आलं, की "हा ३५ आला कुठून?" असं आलं?

तो ३५ वेंधळेपणातून आलेला नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. पोराने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं. त्याला कोणीतरी कधीतरी 'लहानातून मोठं जात नाही' असं सांगितलेलं असतं, त्याने तो नियम इमानाने पाळला. आता त्याला 'हातचा घे रे' असं ओरडून काही होणार नाही. खराट्याच्या काड्या आणा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "मला यातल्या सत्तावीस दे." तो दोन गठ्ठे देईल, दोन सुट्या देईल आणि थांबेल. पाच अजून द्यायच्या आहेत आणि सुटी काडी एकही नाही. तुम्ही बोलू नका. अर्धा मिनिट, एक मिनिट. मग त्याचा हात तिसऱ्या गठ्ठ्याच्या रबराकडे जाईल.

तो हात रबराकडे जाताना तुमच्या पोटात काही हललं का, ते बघा. हललं असेल तर पुढचं वाचा. नसेल हललं तर आणखी दहा दिवस बसून बघा, काहींना वेळ लागतो. तरीही नसेल, तर राग मानू नका, पण दुसरं काही बघा. तलाठी व्हा, बँकेत जा, शेती करा. शिक्षक न होणं हा काही गुन्हा नाही. नको असताना होणं मात्र पुढची तीस-पस्तीस वर्षं वर्गात येणाऱ्या मुलांना भोवतं.

रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज कोणाला काय समजलं नाही, आणि त्याने ते कसं चुकवलं. ही वही जपून ठेवा, पुढे परीक्षेलाही कामी येते. कशी, ते सांगतो.

लहान की मोठी?

महिन्यात हेही कळतं. काही माणसं लहान मुलांत खुलतात. त्यांना नाक पुसणं, चड्डीची नाडी बांधणं, तेच अक्षर चाळीसदा दाखवणं जड जात नाही. काहींना नववीतल्या पोराने अडवून विचारलेला प्रश्न लागतो, त्याशिवाय दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. दोन्ही चांगलंच. पण चुकीच्या वयोगटात गेलेला चांगला माणूसही कडू होतो, हे मी स्टाफरूममध्ये बसून पाहिलंय. म्हणून 'डी.एड. की बी.एड.' याचं उत्तर टक्केवारीत शोधण्याआधी ओट्यावर शोधा.

तिसरा एक रस्ता आपल्याकडे आहे जो मैदानातल्या पोरांना माहीतच नसतो, तो आश्रमशाळांचा. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत, आणि त्यांच्याखाली निवासी शाळा चालतात. तिथे शाळा सुटत नाही. संध्याकाळी सातला ताप आलेलं पोरगंही तुमचंच.

कोर्स

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड., म्हणजे लोकांच्या तोंडचं डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं. सहावीपासून पुढे शिकवायचं तर पदवी आणि मग बी.एड., तेही २०१५ पासून दोन वर्षांचं. बी.एड.च्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. दोन्हीकडे गुणांची अट पन्नास टक्क्यांच्या आसपास असते, राखीव प्रवर्गाला सवलत मिळते. त्या वर्षीची नेमकी अट माहितीपुस्तिकेतूनच वाचा, मामाकडून नको.

एक गैरसमज अजून घराघरात आहे: बी.एड. मोठं, म्हणजे बी.एड. केलं की लहान वर्गही मिळतील. नाही मिळत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे, असाच त्याचा अर्थ. मला तो निकाल पटला. आमच्या एका नातलगाने मुलीला 'थेट बी.एड.च कर' म्हणून सांगितलं, तिला पहिलीच्या वर्गात जायचं होतं. आता ती सहावीला विज्ञान शिकवते. बरी शिकवते, पण येता-जाता बालवाडीच्या दारात रेंगाळते.

कॉलेज निवडताना एकच युक्ती. इमारत आणि वेबसाइट बघू नका. एखाद्या बुधवारी सकाळी अकराला न सांगता जा. वर्गात माणसं आहेत का? फळ्यावर आजची तारीख आहे का? पाठ घ्यायला विद्यार्थी शाळांत जातात का, की पाठाच्या वह्या घरी बसून भरतात? 'यायची गरज नाही, परीक्षेला या' असं कोणी आपुलकीने सांगितलं तर तिथून निघा. तुम्हाला दोन वर्षांत सगळ्यात जास्त कामाचं काही मिळणार असेल तर ते आंतरवासितेतलं आहे, म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर चुकण्याचं. ते कोणी वाचवून दिलं तर उपकार मानू नका.

टीईटी, टेट आणि पवित्र

ही तीन नावं नव्या माणसाला गोंधळात टाकतात, कारण दोन ऐकायला सारखीच आहेत.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, २०१३ पासून सुरू आहे. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही गोळा रिकामा सोडू नका. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही असते, सीबीएसई घेते. दोन्ही द्यायला हरकत नाही.

बालमानसशास्त्राला पोरं घाबरतात आणि शास्त्रज्ञांची नावं, टप्पे, वर्षं घोकतात. आता ओट्यावरची वही काढा. पाण्याचा एकच तांब्या उंच पेल्यात ओतला तर 'जास्त झालं' म्हणणारी पाच वर्षांची मुलगी तुम्ही पाहिली असेल, तर मानसशास्त्रज्ञ पियाजेचा तो प्रश्न घोकावा लागत नाही. ३५ आणणारं पोरगं पाहिलं असेल तर 'चूक ही विचारप्रक्रियेची खूण' हा पर्याय तुम्ही डोळे मिटून निवडाल.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही संगणकावर, २०० प्रश्न, २०० गुण, १२० मिनिटं. अभियोग्यतेला १२०, बुद्धिमत्तेला ८०. यात पास-नापास नाही, जेवढे गुण तेवढी तुमची गुणवत्ता यादीतली जागा. शिकवण्याशी हिचा फारसा संबंध नाही, असं माझं मत. वेग लागतो. घड्याळ लावून सराव करा, एवढंच.

आणि पवित्र हे सरकारचं भरतीचं पोर्टल, २०१७ पासूनचं. टेटचे गुण घेऊन तिथे नोंदणी करायची, स्वप्रमाणपत्र भरायचं, जागा दिसल्या की प्राधान्यक्रम द्यायचे. जिल्हा परिषदेच्या जागा मुलाखतीशिवाय, खासगी संस्थांच्या काही जागा मुलाखतीसह. प्राधान्यक्रम भरून ते लॉक करायला विसरणारा एक तरी उमेदवार मला दर भरतीत भेटतो. लॉक करा, त्याची प्रत काढा, मग झोपा. जात वैधता प्रमाणपत्राचं काम मात्र आजच सुरू करा. त्याला लागणारे आजोबांच्या काळातले शाळेचे दाखले शोधण्यात महिने जातात, आणि निवड झाल्यावर धावपळ करणाऱ्यांचे हाल मी बघितलेत.

जाता जाता: मी लागलो तेव्हा टीईटी नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या, आधीच नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला हवं. त्यामुळे सध्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं आणि मी एकाच पुस्तकातून अभ्यास करतोय. परिसर अभ्यासात एक पोरगी माझ्या पुढे आहे.

मधली वर्षं आणि पैसा

हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. टेट आतापर्यंत २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. पहिल्या दोहोंमधलं अंतर बघा. डी.एड. करून पोरं वाट बघत राहिली, काहींची वयं निघून गेली, काहींनी चोपड्याच्या रस्त्यावर टपऱ्या टाकल्या. तुमच्याही वाट्याला दोन-तीन कोरडी वर्षं येतील असं धरूनच उतरा. त्या काळात फक्त अभ्यासिकेत बसू नका. एखाद्या खासगी शाळेत, वसतिगृहात, निदान ओट्यावर मुलांसमोर राहा. चार वर्षं मुलांपासून लांब राहून फक्त प्रश्नसंच सोडवलेला माणूस नेमणूक मिळाल्यावर वर्गाला भितो.

नोकरी लागली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. मी तीन हजारांवर लागलो होतो, त्यामुळे मला हे ऐश्वर्य वाटतं. पण आज धडगावला खोलीभाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे यांत १६ हजार सहज विरतात. तीन वर्षांनी वेतनश्रेणी, प्राथमिकचं मूळ वेतन २९,२०० पासून. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हेही मामाला सांगून ठेवा, तो अजून त्याच हिशेबात असतो.

आणि एक. कोणी म्हणेल, 'जागा आहे, एवढे लाख द्या, मान्यतेचं आम्ही बघतो.' माझ्या वडिलांनाही एका संस्थेच्या माणसाने हे सांगितलं होतं. वडील दोन बिघे विकायला निघाले. आई म्हणाली, "वावर विकून मास्तर झाला तर पोरगं आयुष्यभर वावराचेच पैसे मोजत बसेल, पोरं कधी शिकवेल?" वावर राहिलं. मला त्यानंतर दीड वर्ष थांबावं लागलं, पण सरळ लागलो. पैसे देऊन मिळालेल्या जागेचं अनुदान अडकतं, मान्यता रद्द होते, आणि तेव्हा पैसे घेणारा फोन उचलत नाही. टीईटीचंही तसंच. २०१९-२० च्या परीक्षेतल्या गैरप्रकारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्यातल्या कित्येकांच्या घरी पेढे वाटून झाले होते.

नेमणूक: डोंगर की मैदान

यादीत नाव आलं की खानदेशातली पोरं नकाशात पहिली धडगाव आणि अक्कलकुवा शोधतात आणि मग घरात रडारड होते. माझ्याही घरी झाली. आमच्या आजीने तर मला काळ्या पाण्यालाच पाठवताहेत अशा बेताने लाडू बांधून दिले.

पहिल्या दिवशी वर्गात एकतीस मुलं होती. मी म्हणालो, "नमस्कार मुलांनो, मी तुमचा नवा गुरुजी." एकतीस चेहरे कोरे. फळ्यावर 'कमळ' लिहिलं, चित्र काढलं. कोणी हूं की चूं नाही. आठ दिवस मी सगळ्यांना सांगत होतो की पोरं मठ्ठ आहेत. नवव्या दिवशी कळलं की मठ्ठ कोण आहे. पोरांची भाषा पावरी. मराठी त्यांच्यासाठी जवळपास परकी, आणि कमळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. चौथीतला एक पोरगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसायचा, त्याला बाजारामुळे मराठी यायची. त्याला मी मास्तर केलं. रोज पाच शब्द तो मला शिकवायचा: पाणी, भाकर, बकरी, ये, बस. चुकलो की वर्ग हसायचा. गुरुजींनाही चुकता येतं हे त्यांना दिसलं आणि त्यांची तोंडं उघडली. तिसऱ्या आठवड्यात कमळ पुसून मी फळ्यावर महूचं झाड काढलं.

तर पायरी ही: पहिल्या पंधरवड्यात शिकवायची घाई नको, मुलांच्या भाषेतले पन्नास शब्द वहीत उतरवा. पावरी, भिली, मावची, जी असेल ती. हे फक्त डोंगराचं नाही. मैदानातही पहिलीतलं पोरगं "मन्हं नाव" म्हणून सुरुवात करतं, "पानी पेवाले जाऊ?" असं विचारतं. त्याला 'अशुद्ध बोलू नको, माझं म्हण' असं पहिल्याच आठवड्यात दटावलं की ते पोरगं वर्षभर गप्प बसतं आणि आपण दाखल्यावर 'मंद' लिहितो. आधी त्याच्या अहिराणीत ऐकून घ्या. मग 'मन्हं' शेजारी 'माझं' ठेवा. दोन्ही राहू द्या. आमच्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. विद्यापीठाची पाटी दिसली की मी पोरांना हे सांगतो, आणि त्यांना ते गंमतशीर वाटतं.

राहायचं कुठे? शहाद्याहून किंवा तळोद्याहून अपडाऊन करणारे पुष्कळ आहेत. घाट, पाऊस, आजारी आईबाप, लहान मुलं, ज्याच्या त्याच्या अडचणी आहेत, मी बोट दाखवत नाही. पण पहिलं वर्ष तरी शाळेजवळ राहा. कारण सांगतो. दिवसा पोरगं गप्प का असतं ते संध्याकाळी कळतं, जेव्हा ते धाकट्याला कडेवर घेऊन बकऱ्या आणताना दिसतं. महिला उमेदवारांनी खोली बघताना अंगणवाडीताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना आधी भेटावं. सुरक्षित घर, पाणी, फोनची रेंज कुठे येते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

दिवाळीनंतरचा वर्ग

हे कोर्समध्ये येत नाही. दिवाळी झाली की नंदुरबार आणि साक्री भागातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, पोरं सोबत. माझ्या पहिल्या वर्षी एकतीसचे अकरा झाले. मी हजेरीपट धरून बसलो होतो आणि वाटलं, आपण इथे करतोय काय? अर्थ वगैरे शब्द मनात घेऊन आला असाल तर तो इथे गळून पडतो, आधीच सांगतो.

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. दिवाळीच्या महिनाभर आधी आठवडी बाजारच्या दिवशी आईबापांना गाठायला लागलो. घरी गेलं तर बाप शेतात, पण बाजारात सगळे सापडतात. कोणाकडे म्हातारी मागे राहणार आहे? तिच्याजवळ पोरगं राहील का? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने वेळेत गेला का? आणि जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे पोहोचतील तिथल्या शाळेत बसवता येतं. दुसऱ्या वर्षी वीस राहिले. नऊ जास्त. नऊ म्हणजे काय ते त्या नऊ जणांची नावं माहीत असलेल्यालाच कळेल.

परीक्षा ठेवताना स्थानिक पंचांग बघा. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात, त्या आठवड्यात डोंगरातल्या शाळेत चाचणी ठेवणारा मास्तर नवखा. मैदानात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मुली झोक्यावर असतात आणि कानबाई देवीच्या दिवशी अर्धं गाव रोट खाण्यात. आमंत्रण आलं तर जा. पोराचा बाप तुमच्याशी शाळेत बोलत नाही, जेवणाच्या पंगतीत बोलतो.

न शिकवण्याची कामं

पोषण आहाराचा तांदूळ मोजा, यू-डायसवर शाळेची माहिती भरा, मतदार यादी करा, शाळेच्या ग्रुपवर फोटो टाका, 'तात्काळ' लिहिलेली माहिती द्या. ही कामं जाणार नाहीत. रडून उपयोग नाही, मी रडून पाहिलंय. माझा एक नियम आहे: पहिले दोन तास मोबाइल कपाटात. केंद्रप्रमुख दोनदा रागावले, तिसऱ्यांदा वर्गात येऊन बसले, मग त्यांनी तिसऱ्या तासानंतर फोन करायला सुरुवात केली. सगळ्यांकडे असे केंद्रप्रमुख असतीलच असं नाही. पण वाचन आणि गणिताचे ते दोन तास हातचे गेले की दिवसात हाती काही उरत नाही, आणि मग माणूस 'आम्हाला शिकवूच देत नाहीत' हे वाक्य वीस वर्षं म्हणत राहतो.

पाचव्या-सहाव्या वर्षी

मला सहाव्या वर्षी कंटाळा आला. आजार नाही, भांडण नाही. तीच बाराखडी, तेच गठ्ठे. त्या सुट्टीत अमळनेरला प्रताप हायस्कूलवरून जाताना साने गुरुजी आठवले. आपण त्यांच्याकडे फोटोतला देव म्हणून बघतो, म्हणून त्यांच्यातला मास्तर दिसत नाही. ते अमळनेरला आले होते तत्त्वज्ञान मंदिरात, तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. तिथे मन रमलं नाही. १९२४ मध्ये शाळेत शिक्षक झाले, छात्रालयात मुलांबरोबर राहायला लागले, मुलांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायला लागले. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. म्हणजे शिक्षकी सहा वर्षांची. माझीही सहा झाली होती.

त्यांच्यासारखं रोज लिहिणं मला जमणारं नव्हतं. मी जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली आणि म्हणालो, रोज एकाने एक बातमी लिहायची. पहिल्या दिवशी तिसरीतल्या मुलीने लिहिलं, 'आमची बकरी येली. दोन पिले. एक काळे.' दुसऱ्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत भिंतीपाशी उभी राहून वाचत होती. कोणी वाचायला सांगितलं नव्हतं. त्यात वाचता न येणारी दोन होती, ती शेजारच्याला ढोसून विचारत होती, "काय लिहिलंय, काळी की पांढरी?" डिसेंबरपर्यंत त्या दोघांना वाचता यायला लागलं. एक जण तर मला न विचारता भिंतीवर माझीच बातमी लिहून गेला: 'गुरुजी आज उशिरा आले.'

कंटाळा तुम्हालाही येईल. आला की बदलीचा अर्ज लिहिण्याआधी एखादं नवं, लहानसं, फुकटातलं काम सुरू करा, ज्यात मुलांच्या हातात काही असेल आणि तुमच्या नाही.

रुजू व्हायला जाताना

नेमणूक आदेशाच्या पाच झेरॉक्स, मूळ कागदपत्रं, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो. पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हजेरी, मग शाळेत रुजू अहवाल, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि तारीख. एक प्रत स्वतःजवळ. डोंगरात असाल तर बॅटरी, पावसाळी बूट, तापाच्या गोळ्या. ओट्यावरची ती वही. खराटा तिथे मिळेल, काड्या आणायची गरज नाही. रबराचं पाकीट मात्र इथूनच घ्या, दोन घ्या. मला पहिल्यांदा ते आणायला धडगावच्या बाजारापर्यंत यावं लागलं होतं, आणि आठवडाभर गठ्ठे मुलींच्या केसांच्या रिबिनींनी बांधले होते.